हरभरा कोणाचा होता, दादा?

दादा,

तू गेलास म्हणून मी गोड बोलायला लागेन असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस. परवा अनसिंगच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भोजनदान झालं, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. आपल्या वस्तीतला पोरगा दिल्लीला गेला, मोठ्या हुद्द्यावर चढला, जगातल्या बलाढ्य देशांसमोर टेबलाला बसून भारताच्या वतीनं व्यापाराचे करार ठरवले. सगळं खरंच होतं. शेवटी माझं नाव पुकारलं, धाकटी बहीण दोन शब्द बोलेल म्हणून. मी बसल्या जागेवरून मान हलवली. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आवरत नाही. वहिनीनं माझा हात धरला. तिला तरी माहीत होतं की ते रडू नव्हतं.

तिथे उठले असते तर काय बोलले असते ते आता लिहिते. माणसं समोर नाहीत, तू नाहीस, मधेच चहा मागायची सोय नाही. आता तरी पूर्ण ऐकून घे.

ज्या देशाशी बोलणी चालायची त्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस. घरात, फोनवर, जेवताना, कायम 'समोरचे'. समोरच्यांना हे पाहिजे, समोरचे अडून बसले, समोरच्यांनी चहा बरा पाजला. माय होती तेव्हा विचारायची, "हे समोरचे कोन व्हय रे? सोयरे हायेत का आपले?" तू हसून म्हणायचास, "तसंच समज माय." तिचं काही चुकत नव्हतं. तुझी पहिली वाटाघाट सोयरिकीचीच होती आणि तिच्यातला माल मी होते.

बाबा नुकतेच गेले होते. तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. शिरपूरचे पाहुणे बैठकीला आले, तू उसना शर्ट घालून सतरंजीवर त्यांच्यासमोर बसलास. आमच्यात हुंडा देत नाहीत, घेत नाहीत, हे तू पहिल्या वाक्यातच सांगून टाकलंस. ते म्हणाले, हुंडा आम्हालाही नको, पण पोराला मोटरसायकल लागेल, शेवटी चार लोकांत मान आहे. मग तू म्हणालास, "आमी जरा बाहेर बसून येतो," आणि अंगणात जाऊन एकटाच लिंबाखाली उभा राहिलास. सल्ला घ्यायला बरोबर कोणी नव्हतंच. परत आलास आणि सांगितलंस, मोटरसायकल नाही, पण लग्न तुमच्या दारी. पाहुणे खूश झाले. मी आत चुलीपाशी मायच्या बाजूला होते. तिच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

पाहुणे गेल्यावर ती तुझ्यावर तुटून पडली. "काहून रे, माह्या पोरीचं लगन माह्या दारी काहून नाई? कोनाले इचारून सोडलं तू?"

"माय, काहीतरी सोडाच लागते."

"मंग तुह्यं सोड नं! माह्यं कायले सोडतं?"

माय लग्नाला परक्या दारात पाहुण्यासारखी बसली, जेवायचा आग्रह दुसऱ्यांनी तिला केला. मोटरसायकल वाचली हे खरं. सासरच्यांनी नंतरही कधी टोमणा मारला नाही, तेही खरं. तू ही गोष्ट दिल्लीत म्हणे मोठ्या कौतुकानं सांगायचास, पहिल्याच बैठकीत कसं जिंकलो म्हणून. मायनं काय विचारलं होतं ते सांगायचास का, हे मला ठाऊक नाही.

मला सासरी पाठवायच्या आधी वाशिमच्या कॉलेजात तूच पाठवलं होतंस, हे मी नाकारत नाही. मायला पटवायला तू किती दिवस तिच्या मागे मागे फिरलास. ती म्हणायची पोरगी बिघडेल, तू म्हणायचास बिघडली तर माझा कान पकड. बसस्टँडवर मला सोडायला यायचास तेव्हा वाटेत पेपरातली बाजारभावाची ओळ वाचून दाखवायचास आणि विचारायचास, "सांग, हा भाव कोन ठरवते?" मी म्हणायची, व्यापारी. तू म्हणायचास, त्याच्या वर? मग आणखी त्याच्या वर? शेवटी तू स्वतः तिथेच जाऊन बसलास. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता की शिरपूरच्या निम्म्या बायकांना माझा कंटाळा आला असेल.

त्या शिक्षणाच्या जोरावरच मी आणि आमच्या ह्यांनी डाळ मिल टाकली. मिल मोठी नव्हती, पण रस्त्यावरून जाताना आवाज ऐकू यायचा. फक्त हरभरा. तूर आम्ही घेतलीच नाही, तिची मशिनं वेगळी, तिचा व्याप वेगळा. इथला शेतकरी सोयाबीन काढतो आणि त्याच रानात हरभरा पेरतो. अनसिंगपासून किन्हीराजापर्यंत हिवाळ्यात तेच हिरवं दिसतं. तो हरभरा आमच्याकडे यायचा, भिजून, वाळून, फुटून डाळ व्हायचा, डाळीचं बेसन व्हायचं, टरफलांची चुनी ढोरांना जायची. वस्तीतल्या बायका चाळणीवर बसायच्या आणि गाणी म्हणायच्या. तू दिल्लीहून आलास की आधी मिलमध्ये यायचास, चाळणीतून मूठभर डाळ उचलून तोंडात टाकायचास आणि चष्म्यावर बेसन घेऊन घरी यायचास. तेव्हा तू मला आवडायचास.

मग ते तुझे फोन सुरू झाले. वाटाघाटी चालू होत्या हे पेपरात यायचं, पण आत काय चाललंय ते तू सांगायचा नाहीस, शपथ होती म्हणे. तरी फोन करायचास आणि हळूच विचारायचास, "बेबी, समज बाहेरचा वाटाणा आला, पिवळा, सस्ता, तं काय होईन वं?"

मी म्हणायची, "आला तं आमी मरू, दुसरं काय होईन?"

"सरळ सांग नं. मरू म्हंजे काय?"

"दादा, भजेवाल्याले पिवळं पीठ पाह्यजे. ते हरभऱ्याचं हाय का वाटाण्याचं, त्याले काय करायचं? तो सस्तं ते घेईन. मंग माह्यं बेसन कोन घेईन? अन् माह्यं बेसन नाही गेलं तं शेतकऱ्याचा हरभरा मी कायले घेईन?"

तू हं हं करायचास. मी चिडायची, ओरडायची, तुला दिल्लीचा बाबू म्हणायची, आणखीही बरंच म्हणायची जे इथे लिहिता येत नाही. तू फोन ठेवत नव्हतास. मला वाटायचं, हा ऐकतोय म्हणजे तिथे जाऊन हे सांगणार. दुसऱ्या दिवशी मिलमधल्या बायकांना मी तसं सांगायचीही. आमचा दादा बसला हाय तिथं, काही होत नाही. त्या मान डोलवायच्या आणि चाळणी हलवायच्या.

करार झाला ते आधी टीव्हीवर कळलं. संध्याकाळी तुझा फोन आला. आवाजात थकवा होता आणि खुशीही होती.

"बेबी, तूर वाचली. तुरीले हात लावू नाही देल्ला मी."

"अन् हरभरा?"

"हरभऱ्यालेबी कोनी हात नाही लावला. फक्त पिवळ्या वाटाण्यावरचा आयातीचा कर सोडला."

फक्त, म्हणालास. इतक्या वेळा माझ्या तोंडून ऐकून तू फक्त म्हणालास. मी काही बोलायच्या आत तू समजावायला लागलास. त्याच्या बदल्यात काय आणलं ते बघ. आपल्या शिकलेल्या पोरांना तिथे कामाचे परवाने सोपे झाले, तुझ्या प्रज्ञासारख्या पोरींची लाईन लागेल. शिवाय गुंतवणुकीचं वेगळं प्रकरण आहे, समोरच्यांच्या कंपन्या इथे येतील, गोदामं बांधतील, प्रक्रिया उद्योग काढतील. मी विचारलं, कुठे काढतील? वाटाणा बंदरावर उतरणार, त्यांची गिरणी बंदरावरच लागणार, शिरपूरला येऊन कोण दळत बसेल? तू म्हणालास, सगळं एकदम मिळत नाही. मी फोन आपटला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी नीट ऐकलं नाहीस. वाटाणा आला. पहिल्या हंगामात आम्ही दम धरला. दुसऱ्या हंगामात वाशिमचे, मालेगावचे आमचे जुने गिऱ्हाईक दुकानदार नजर चुकवायला लागले. एक जण म्हणाला, "ताई, तुमचं बेसन एक नंबर हाय, पन एक नंबर कोनाले पाह्यजे?" ह्यांनी मशिनचा पट्टा उतरवून ठेवला. चाळणीवरच्या बायका एकेक करून सुटल्या, कोणी पुण्याकडे बांधकामावर गेली, कोणी ऊसतोडीला. त्यातली एक जाताना मला म्हणाली, "तुमचा भाऊ बसला होता नं तिथं?" तिनं साधंच विचारलं होतं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आणि त्याच उन्हाळ्यात प्रज्ञाला परवाना मिळाला. पोरगी पुण्याहून नाचत आली. "मामाच्या करारामुळे झालं!" माझी एकुलती एक पोर, दादा. पुण्यात होती तोवर सणाला, सुट्टीला, माझं डोकं दुखलं तरी रात्रीच्या बसमध्ये बसायची. तिनं जाऊ नये असं मी म्हणाले नाही, तिच्या डोळ्यांतली खुशी मला दिसत होती. तिला विमानात बसवून परत आलो तेव्हा घरात ती नव्हती आणि अंगणापलीकडे मिल बंद होती. हे जेवताना म्हणाले, "त्यायनं आपल्याच घरातलं आपल्याच घरात बदललं." ह्यांना करारबिरार काही कळत नाही. पण हिशेब त्यांना बरोबर लागला होता. परवाही विहारात प्रज्ञा मोबाईलच्या पडद्यावरून तुला नमन करत होती. तिथे पहाट होती, ती झोपेतून उठून बसली होती, आणि मधेच पडदा अडकला.

शेवटचा आलास तेव्हा मी तुला मिलमध्येच नेलं. मुद्दाम. खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं. मला बाकी काही नको होतं. करार मागे घे म्हणत नव्हते, तेवढी अक्कल मला आहे. तू एकटा काही ठरवत नाहीस, वर मंत्री आहेत, मंत्रिमंडळ आहे, हेही तू शंभरदा सांगितलं होतंस आणि मला ते पटलं होतं. मी एवढंच विचारलं, "दादा, वाटाणा सोडला अन् परवाने घेतले, तवा तुले मी दिसली होती का? दोनी माह्यंच जाते हे तुह्या ध्यानात होतं का?"

तू कप बशीत ठेवलास. मशिनकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "आतलं सांगता येत नाही बेबी."

मी तुला ओरडून म्हटलं, मी तुमचं आतलं विचारत नाही, मी तुझ्या मनातलं विचारतेय. तू उठलास. गाडी उभी होती. दारात वळून म्हणालास, "रक्तदाब पाह्यत जा." स्वतःचा पाहिला असतास तर. त्यानंतर मी तुझे फोन घेतले नाहीत. घेतले नाहीत याचं मला वाईट वाटावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. मला अजून तरी वाटत नाही. तू उत्तर घेऊन दारात येशील तेव्हा बोलेन असं मी ठरवलं होतं. त्याच्या आधीच तू ऑफिसातल्या खुर्चीत छाती धरून बसलास आणि तिथून उठला नाहीस.

उत्तर परवा मिळालं. दिल्लीहून तुझ्या हाताखालची ती अधिकारी बाई आली होती, आंध्राची, हिंदी बोलणारी. भोजनदानानंतर माझ्याजवळ येऊन बसली. तुझ्याबद्दल बोलताना तिचे डोळे भरून येत होते. म्हणाली, दीदी, सर जैसा ईमानदार आदमी नहीं देखा. शेवटच्या फेरीत मधली सुट्टी झाली होती, तुम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात उभे होता. तिनं तुला विचारलं होतं, सर, वाटाण्यावर अजून एक फेरी धरून बसलो तर? समोरचे थोडे ढिले पडलेत. धरता येईल असं तिलाही वाटत होतं. आणि तू म्हणालास, माझ्या बहिणीची हरभऱ्याची मिल आहे. मी वाटाणा धरला तर उद्या लोक म्हणतील, साहेबानं बहिणीसाठी धरला. आमच्यासारख्याला तर आधी म्हणतील. मग तू आत गेलास आणि सोडलास.

दोन्हीकडून बहिणीचंच जाणार, हेही तू तिला म्हणाला होतास. ती मला हे अभिमानानं सांगत होती. सरांनी घरच्यांचं बघितलं नाही, देशाचं बघितलं. माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आता हात जोडीन म्हणून.

म्हणजे तुला मी दिसले होते. आणि दिसले म्हणूनच तू सोडलास.

दादा, तुझी भीती मला कळते. मी त्याच वस्तीत वाढले. आपल्या माणसानं एक पाऊल घरच्यांकडे टाकलं की दहा बोटं उठतात, दुसऱ्यांनी अख्खं घर भरलं तरी कोणी बघत नाही. तू आयुष्यभर त्या बोटांना धरून चाललास. स्वच्छ राहायचं, इतरांपेक्षा दुप्पट स्वच्छ राहायचं. तुरीसाठी तू भांडू शकलास, कारण तूर माझी नव्हती. पण अरे, हरभरा तरी माझा कुठे होता? मी एक मिलवाली. हरभरा किन्हीराजाच्या शेतकऱ्याचा होता, चाळणीवरच्या बायकांचा होता, या अख्ख्या जिल्ह्याच्या हिवाळ्याचा होता. त्यात तुला एकटी बहीण दिसली आणि बहिणीला सोडायचं म्हणून तू जिल्हा सोडून दिलास. समोरच्यांना तर तुला हरवायचीही गरज पडली नाही. तू व्हरांड्यात उभ्या उभ्या स्वतःच स्वतःला हरवून आत गेलास.

हे मला मिलमध्ये सांगितलं असतंस तर मी तुझ्या अंगावर धावून गेले असते. मशिनवरचा पाना उचलून मारला असता कदाचित. पण मग तुला जेवायला वाढलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडले असते. तुझा फोन आला की उचलला असता आणि पहिल्या वाक्यापासून शिव्या दिल्या असत्या. तू हं हं केलं असतंस. आपलं म्हातारपण त्यात बरं गेलं असतं. ते तू मला दिलं नाहीस, म्हणून मी तुला माफ करत नाही. वाटाण्यासाठी करावं का, याचा विचार मी अजून करते आहे.

ती बाई अजून माझ्याजवळच बसून होती. मी तिला विचारलं, तुमच्या घरी काय पिकतं? ती म्हणाली, वडिलांचं शेत आहे, भुईमूग. आता साहेबांच्या जागेवर कोण बसणार, असं विचारलं तर म्हणाली, सध्या मीच. दुसऱ्या एका देशाशी बोलणी चालू आहेत, खाद्यतेलांचं प्रकरण माझ्याकडे आहे.

मी म्हटलं, "मग बाई, भुईमुगाचं नाव निघालं तर घरचा म्हणून सोडू नका. साहेबांनी केलं ते करू नका."

तिनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मी विचारलं, "सोडला?"

आणि दादा, ती अगदी तुझ्यासारखं म्हणाली, आतलं सांगता येत नाही दीदी.